पावशा मध्येच थांबतो
धर्माजी आबांचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती, पण कान असे तिखट की मांजराने लाजावं. ओतूरच्या वरच्या माळावर कालव्याचं पाणी काही चढत नाही. तिथल्या पाच-सहा घरांची पेरणी याच कानांवर चालायची. वळवाने जमीन भिजली तरी आबा आंब्याखाली बाजेवर बसून पावशाची वाट बघत, म्हणजे ऐकत. पाखरू ‘पेरते व्हा’ म्हणालं की आबा म्हणत, पाभर जुंपा. पोरं मोबाईलवर हवामान बघत, आबांची चेष्टा करत आणि शेवटी बियाण्याची पिशवी त्यांना विचारूनच फोडत.

त्यांचा नातू समर्थ पुण्यात संगीत शिकत होता. तरुण संगीतकारांची एक स्पर्धा निघाली होती: हवामानाचे आकडे घ्यायचे, निसर्गातले आवाज घ्यायचे आणि त्यातून दहा मिनिटांची रचना बांधायची. समर्थने आपल्या भागातल्या चाळीस जून महिन्यांचा पाऊस मिळवला आणि एकेका वर्षाला एकेक आवर्तन दिलं. पाऊस लांबत गेला तशी बासरीही उशिरा येऊ लागली. गेल्या साली घरच्या आंब्यावर टिपलेली पावशाची हाक त्याने दर आवर्तनाला थोडी थोडी कापली. शेवटी नुसतं ‘पेरते’ उरायचं, ‘व्हा’ गायब. त्या कापण्यावर त्याने आठवडा घातला होता आणि स्वतःवर तो जाम खूश होता.

जूनच्या सुरुवातीला तो घरी आला. दोनच दिवसांपूर्वी वळीव होऊन गेलेला. आंब्यामागच्या कांद्याच्या चाळीत बसून त्याने रचनेवर शेवटचा हात फिरवला. हेडफोनचा एक कान बिघडला होता, म्हणून स्पीकर लावून शेवटचा भाग दुपारभर पुन्हा पुन्हा ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो पुण्याला निघून गेला.

पंधरा दिवसांनी रचना निवडली गेल्याची बातमी घेऊन समर्थ परतला, तर माळ भाजून निघालेला. सोयाबीन दोन पानांवर येऊन करपलं होतं. शेजारचे गेणभाऊ बांधावर बसले होते. त्यांनी सांगितलं की आबांच्या शब्दावर सगळ्यांनी पेरलं आणि त्यानंतर थेंब नाही. आता दुबार पेरावं लागणार. आबांवर त्यांचा राग नव्हता. राग असता तर समर्थला सोपं गेलं असतं.

“आबा म्हणलं, यंदाचा पावशा म्हातारा दिसतोय,” गेणभाऊ म्हणाले. “पेरते म्हणतो आन् मधीच थांबतो, माझ्यावानी धाप लागती त्याला. आमी हसलो राव. आता पोरं म्हणत्यात, आबाला भास व्हत्यात.”

समर्थला चाळीत दुपारभर वाजवलेला स्पीकर आठवला. आकडे तर त्याच्याकडेच होते. चाळीसही जून त्याला तोंडपाठ होते. वळवाच्या भरवशावर पेरलं की काय होतं, हे वस्तीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शहाण्याने त्याची बासरी केली आणि घरात एका माणसाला सांगितलं नाही.

आबा बाजेवरच होते. समर्थने पायाशी बसून त्यांना सगळं सांगितलं, काही चोरलं नाही. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. घरोघर जाऊन चूक कबूल करतो, असंही तो म्हणाला.

आबांनी एवढंच विचारलं, की तो आवाज धरला कुठं. आपल्याच आंब्यावर, असं कळल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

“कुणाला सांगू नको,” ते म्हणाले. “म्हातारा चुकला म्हणत्यात, म्हणू दे. म्हातारं माणूस चुकतंच. पर पावशा मशिनीतनं बी वरडतो हे कळलं, तर उद्या खरा वरडला तरी कुणी पाभर धरायचं न्हाई.”

समर्थने त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. वस्तीवरचं कुणी आबांना तोंडावर काही बोललं नाही. माणसं फक्त बाजेपाशी येईनाशी झाली. गेणभाऊसुद्धा लांबूनच रामराम घालत. परीक्षकांनी समर्थला पत्र पाठवलं, त्यात त्या तुटक्या हाकेचं भरभरून कौतुक होतं. त्याने ते घरात कुणाला वाचून दाखवलं नाही.

जून सरताना एका सकाळी आंब्यावर पावशा ओरडला. पुरा, खणखणीत, दर हाकेला सूर चढवत. समर्थ चहा तसाच टाकून धावत बाजेपाशी आला. आडव्या पडलेल्या आबांचं तोंड वर आंब्याकडेच वळलेलं होतं. त्यांनी चाचपडत नातवाचा हात धरला.

“बंद कर बाळा,” ते म्हणाले. “माझ्यासाठी नको वाजवू.”

समर्थने शपथा घेतल्या. हा खरा आहे, फोन आत चार्जिंगला लावलाय, हवं तर माझे खिसे चाचपून बघा, असं परोपरीने सांगितलं. लेकराचं मायेतलं खोटं चालवून घ्यावं तसे आबा हसले. मग त्याच्या हातावर थोपटून त्यांनी घराकडे कूस बदलली.

पावशा आणखी तासभर ओरडत होता. वस्तीवरून बाजेकडे कुणीच आलं नाही.