गावाच्या नावावरचे पत्रे

"चोर आहात तुम्ही सगळे! कर वाढवायचा तुम्ही आणि शिव्या खायच्या आम्ही!"

पर्मिला गाउंडरने फोन काउंटरवर आपटला. पलीकडे ऐकायला कोणी नव्हतंच. सरकारी मदतक्रमांकावर सकाळपासून एकच गाणं वाजत होतं.

उद्यापासून कर नवाचा पंधरा टक्के. नवा दर आजच संगणकात भरून ठेवा, असा फिजीच्या राजधानीतून, सुवाहून, हुकूम होता. तिथे गार खोलीत बसून हुकूम काढणाऱ्याने आयुष्यात खिळ्यांची पुडीसुद्धा विकली नसेल. इकडे लबासात दुकान उघडून उन्हात बसावं लागतं पर्मिलासारखीला. नवरा गेल्यापासून ती माणसांवर जेमतेम विश्वास ठेवायची, संगणकावर तर मुळीच नाही.

दर भरायचं काम हिशेब बघणाऱ्या लोसालिनीकडे होतं. पर्मिला मागे येऊन उभी राहताच तिने पडद्यावरचं काहीतरी चटकन बंद केलं.

"काय झाकलंस?"

"काही नाही, अक्का. दर चढवतेय."

"दर चढवायला चोरून बघावं लागतं?"

पर्मिलाने स्वतः ते पान पुन्हा उघडलं. नदुरी गावाचे ले-बायचे पत्रे. ले-बाय म्हणजे माल दुकानातच बाजूला ठेवायचा, जमेल तसे पैसे भरायचे आणि पुरे झाले की न्यायचा. वादळात नदुरीच्या सभागृहाचं छप्पर उडालं, तेव्हापासून गावातल्या बायका वर्गणी काढून हप्ते आणत होत्या. शेवटचे दोन हप्ते अजून यायचे होते. तरी पुढे शिक्का होता: माल दिला.

नदुरी हे लोसालिनीचं गाव.

मागच्या अंगणात ट्रकची फळी धाडकन पडली. पर्मिला तशीच अनवाणी धावली. म्हातारा अपेनिसा आणि गावातली चार माणसं पत्रे चढवत होती.

"खाली उतरवा! पैसे कोण देणार बाकीचे?"

"गाव देणार, अक्का."

"गावाला तोंडं शंभर, सही करायला हात एक नाही! उद्या बुडवलंत तर मी कोणाच्या दारात बसू?"

"कोणाच्याही बसा. जेवल्याशिवाय उठू देणार नाहीत." अपेनिसा हसला. बाकीचे हसले नाहीत. पर्मिलाने फाटक ओढून कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

लोसालिनी मागून आली.

"माल दिल्याचा शिक्का नसेल तर संगणकाच्या लेखी ते पत्रे विकलेलेच नाहीत, अक्का. मग उद्या सकाळी सगळ्या पत्र्यांवर नवा कर चढेल. बायका वर्षभर भरत आल्या तो भाव गेला."

"मग नुसतं बिल फाड. माल राहू दे इथेच."

"आणि कराचा तपासनीस आला, म्हणाला दिलेला माल अंगणात कसा? दिला म्हणायचं तर द्यायलाच हवा."

"बाकीच्या ले-बायवाल्यांचं काय? का फक्त तुझंच गाव लाडकं?"

"सगळ्यांना फोन केलेत. ज्यांना जमलं ते पैसे पुरे करून घेऊन गेले. यांना जमत नाही."

पर्मिला आत गेली. तिने एका बोटाने दाबत दाबत पत्र्याच्या बिलावर उद्याची तारीख घातली. आकडा फुगला. पुन्हा आजची घातली. आकडा उतरला. तिने सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

"मॅडम, ते तसंच बनवलंय," तो सुवाहून म्हणाला. "नियम आम्ही नाही करत."

"मग कोण करतं? नाव सांग ना मेल्या!"

फोन कट झाला.

ती परत बाहेर आली. ट्रक सुरू होता, पत्रे थरथरत वाजत होते. अपेनिसा टोपी काढून फाटकापाशी उभा होता. लोसालिनी खाली बघत नव्हती, आणि तेच पर्मिलाला सगळ्यात जास्त झोंबलं.

"सहा वर्षं माझ्या दुकानात बसतेस," पर्मिला म्हणाली. "मला विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं ना. काल दिवसभर तेच डोक्यात होतं."

"मग?"

लोसालिनीने कपाळावरचा घाम पुसला.

"विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हणाला असतात? खरं सांगा, अक्का. यांच्यासमोर सांगा."