गाळाची हौस

मला शहाणपणा नडला, दुसरं काही नाही. एकनाथ म्हणजे स्वतःला पुरातला मोठा जाणकार समजणारा माणूस! महाडजवळ सावित्रीच्या काठी जन्मलो, ओटीला लागलेलं पाणी लहानपणापासून पाहिलं. ओमानात येऊन मला पूर कोण शिकवणार?

निझवाच्या वर डोंगरात अहमदच्या लसणाच्या शेतावर मी कामाला होतो. शेत कसलं, वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या, कडेला चार वाफे. त्यावर सात माणसांचं घर चालायचं. वाफे आणि वादी यांच्यामधे एक दगडी बांध. दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत माथ्यावर बर्फ पडलं. तिथे असं क्वचितच होतं, आम्ही पोरांसारखे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं, आणि दुपारी वर त्या बर्फावरच पाऊस कोसळला. अहमद बाजाराला निघाला होता. जाता जाता म्हणाला, "वादी येणार. तू वर घरात थांब. यल्ला, निघतो मी."

मी थांबतोय कसला! माझ्या डोक्यात आमची नदीकाठची मळीची जमीन. आमच्याकडे पूर ओसरला की शेतात बोटभर गाळ राहतो, आणि त्यावर पीक असं येतं की बघतच राहावं. अहमदची माती बिचारी कधीची भुकेजलेली. म्हटलं, वितळलेल्या बर्फाचं पाणी, येऊन येऊन किती जोरात येणार? आत घेऊ, गाळ बसेल, अर्बाब, म्हणजे मालक, खूश होईल. पहार घेतली आणि बांधाला हातभर तोंड पाडलं.

वादी आली ती गडगडत. तपकिरी पाणी आणि त्यात घरंगळणारे धोंडे. त्या तोंडातून पाणी घुसलं आणि बघता बघता अख्खा बांध आडवा झाला. टेकाडावर पळालो म्हणून वाचलो. तासाभरात पाणी गेलं. गाळ कसला, डोंबल! लसूण नाही, माती नाही. खाली नुसता उघडा कातळ.

अहमद आल्यावर मी रडत सगळं सांगितलं. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो मटकन खाली बसला.

"ही माती इथली नव्हती, एकनाथ. माझ्या बापानं गाढवांवर लादून खालून आणली. वीस वर्षं."

"आपण पुन्हा आणू," मी म्हटलं.

"कुठून? खाली आता घरं झाली. आणि खायचं काय तोवर? खलास. मी खाली शहरात, अझैबाला, वॉचमनची नोकरी बघतो." मग त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "एक कर. बांध तू फोडलास हे माझ्या बापाला कळू देऊ नकोस. वादीनं नेलं म्हटलं तर तो सोसेल."

थोड्या वेळाने त्याचा म्हातारा बाप काठी टेकत आला. कातळाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आधी मलाच चाचपलं, कुठे लागलंबिगलं का म्हणून. माझी लाज वाटत होती मला. पाठीवरून हात फिरवत तो म्हणाला, "रडू नकोस, पोरा. तू काय करणार होतास? वादीपुढे माणसाचं काही चालतं का?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. "काही चालत नाही."