अण्णा म्हणजे कोण?

मी शांभवीचा रेकॉर्डर बोलतोय. आजवर निमूटपणे ऐकत आलो, पण काल जे ऐकलं त्यानंतर गप्प बसणं माझ्याच्यानं होईना.

शांभवी तंजावरच्या मराठी घरातली. पोलीस तपासावर पीएच.डी. करते. साक्षीदार ठाण्यात बोलतो एक आणि कागदावर उतरतं भलतंच, ते कसं, हा तिचा विषय. मला हौसेनं विकत घेतलं खरं, पण विद्यापीठाच्या समितीच्या परवानगीपत्रापायी वर्षभर पिशवीतच खितपत पडलो. मुलाखती कुणाला ऐकवणार नाही, ठरल्या दिवशी पुसेन, असं तिनं लिहून दिलं तेव्हा कुठे ते मिळालं.

मग चंद्रमती भेटली, तीही इथल्या मराठी घरातलीच. दोन वर्षांपूर्वी तिच्या देवघरातली मूर्ती चोरीला गेली. जबाब घेणाऱ्या हवालदार सुब्रमण्यमना तिनं तमिळमध्ये सांगितलं, "किल्ली अण्णाकडे होती." त्यांनी तसंच लिहिलं, चंद्रमतीनं वाचून सही केली. तेव्हापासून पोलीस तिच्या थोरल्या भावाला, कार्तिकेयला, ठाण्यात बोलावून पिडताहेत. सख्ख्या बहिणीनंच नाव घेतलं म्हणून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलंय. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना.

तिची मुलाखत उतरवताना शांभवीनं माझ्याकडून तेच वाक्य ऐकलं आणि टाइप केलं, 'थोरल्या भावाकडे'. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊच, त्यामुळे तिला शंकाही आली नाही. अगं बाई, त्याच मुलाखतीत चंद्रमतीनं भावाला चारदा 'दादा' म्हटलंय! मी ते चारदा ऐकवलं. पण ही मला दुप्पट वेगानं पळवणार, आणि वर इतरांच्या चुकांवर प्रबंध लिहिणार!

काल तिनं ते टिपण चंद्रमतीला वाचून दाखवलं. मी चालूच होतो.

"थोरला भाऊ?" चंद्रमती ताडकन उभी राहिली. "अण्णा म्हणजे आमचे वडील, गे! अस्के, घरचे-दारचे सगळे, त्यांना अण्णाच म्हणायचे. दादाचं नाव मी कशाला घेऊं?" आणि ढसाढसा रडली. अण्णा तर गेल्या वर्षीच वारले. "ठाण्यांत म्हणतील, सही तुमचीच. दादा माझा फोनच घेत नाही. हें तेवढं त्याला ऐकव गे. माझी हरकत नाही म्हणून मी लिहून देतें."

आज सकाळी शांभवी तिचे मार्गदर्शक बाळकृष्णरावांकडे गेली, हे कार्तिकेयला ऐकवू का, असं विचारायला.

"समितीकडे अर्ज कर," ते म्हणाले. "बैठक पोंगलनंतर."

"पण सर, मुलाखती उद्याच पुसायच्या आहेत."

"मग पूस. तसं तू लिहून दिलंस नाही का? नियम म्हणजे नियम, अम्मा."

ही मान डोलावून परत आली! आता मला समोर ठेवून अर्ज लिहीत बसलीय. त्यात चंद्रमतीचं नावसुद्धा नाही, 'साक्षीदार क्रमांक सात' आहे. माझा नुसता जळफळाट होतोय.

शांभवी, अर्ज कसला लिहितेस? त्या बाईचं रडणं माझ्यापाशी आहे, उद्या तेही उरणार नाही. कार्तिकेय दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मला उचल आणि चल.