डॉलीच्या हातांवरचं पाणी

बहारीनच्या अदलिया भागातल्या त्या थाई हॉटेलात टेबलाच्या मधोमध एक उंच पाठीची खुर्ची आपल्यासाठी राखून ठेवलेली पाहिली आणि डॉलीची खात्रीच पटली की व्हिसाचं काम झालं.

कित्येक आठवडे तिचा जीव टांगणीला लागला होता. व्हिसा मेअखेर संपत होता. शैलेंद्र सरांच्या क्लिअरिंग एजन्सीत कस्टम्सचे कागद करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. साठी उलटली तरी बंदरात अडकलेला माल कसा सोडवायचा हे विचारायला सगळे तिच्याच टेबलाशी येत. पण रिन्यूअलचा विषय काढला की सर म्हणत, "बघू ना, डॉली मॅडम. घाई काय आहे?" घाई होती. नवरा रोनाल्ड तिच्याच व्हिसावर बहारीनमध्ये राहत होता. तिचा गेला की त्याचाही जाणार. मागे वसईत होती ती दिराच्या घरातली एक खोली, आणि त्या खोलीत दिराने आता बंद पडलेला फ्रीज आणि जुनी स्कूटर ठेवली होती.

"बोलावून मान देतायत," घरातून निघताना रोनाल्ड म्हणाला होता. "काढायचंच असतं तर जेवायला कशाला नेतील?"

मानाचं हे खूळ थायलंडहून आलेलं. एप्रिलमध्ये सरांनी सगळ्या ऑफिसला, म्हणजे स्वतःसकट पाचच माणसांना, चिआंग माईला नेलं होतं. समुद्रकिनारा नको, मॉल नको; सरांना कल्चर पाहायचं होतं. म्हणून छोटा ग्रुप, एक गाइड बाई आणि डोंगरातल्या खेड्यात मुक्काम. तिकडे नवं वर्ष सुरू होत होतं. रस्त्यावर पिचकाऱ्या उडतात तो नुसता दंगा, खरा सण घरात असतो, असं गाइडने सांगितलं. घरातली वडीलधारी ओळीने बसतात. धाकटे त्यांच्या तळहातांवर मोगऱ्याच्या वासाचं पाणी ओततात आणि वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल त्याची माफी मागतात. मोठ्यांनी माफ करायचं, आशीर्वाद द्यायचा.

"मोठ्यांनी माफ केलंच नाही तर?" सरांनी विचारलं होतं.

गाइडला प्रश्न नीट कळलाच नसावा. ती हसून म्हणाली, "पाणी घेतलं म्हणजे माफ केलं."

गावातल्या म्हाताऱ्यांच्या ओळीत त्या लोकांनी डॉलीलाही बसवलं. कोणाची कोण पोरं येऊन तिच्या हातांवर पाणी घालून गेली. डॉलीला मूलबाळ नव्हतं. ती बसल्या बसल्या रडली, आणि ऑफिसची मंडळी फोटो काढत राहिली. परत आल्यावर सरच म्हणाले, परक्या मुलांनी केलं ते आपल्या टीमने करायला नको का?

तर आता टेबलावर चांदीसारखा चकचकीत वाडगा होता, पाण्यात मोगऱ्याची फुलं होती. वेट्रेस थाई होती. तिने डॉलीच्या हातांखाली परात ठेवली आणि स्वतः हात जोडून बाजूला उभी राहिली. जोॲन मोबाइलवर शूटिंग करत होती. जोॲन डॉलीच्या गावची, वसईचीच. डॉलीने सरांकडे शब्द टाकला म्हणून तिला ही नोकरी लागली होती. ऑफिसात सगळे डॉलीला आंटी म्हणत, जोॲन तेवढी मावशी म्हणायची.

पहिलं पाणी सरांनी घातलं. "डॉली मॅडम, कामाच्या भरात कधी कठोर बोललो असेन, कठोर वागावं लागलं असेल, तर मनापासून क्षमा करा."

"देव तुमचा धंदा वाढवो, सर," डॉली म्हणाली.

मग बासित आला. हा रत्नागिरीचा, बंदरावर पळापळ करणारा, तोंडाने वाह्यात. "यल्ला, चला आंटी, हात पुढे करा. पाणी गार आहे, शिंका आल्या तर माझ्या नावाने ओरडू नका."

"तुझ्या नावाने रोजच ओरडते मी."

"ते पण माफ करा. आणि..." बासितची जीभ अडखळली. "आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून गप्प बसलो असेन, ते पण."

"तू आणि गप्प?" डॉली हसली. एकटीच हसली. "सुखी राहा, पोरा. लग्न कर आता."

हिशेब बघणारा कैलास आला तो मान खाली घालूनच. त्याने घाईघाईने पाणी ओतलं, अर्धं परातीबाहेर.

"अरे, असं काय पाप केलंयस?"

"काही नाही आंटी. पद्धत आहे म्हणून."

डॉलीने त्यालाही आशीर्वाद दिला. बाईचे दोन्ही हात ओले, चेहरा फुललेला. आता सर बोलतील, असं तिला वाटलं, आणि सर खरंच बोलले.

"बरं वाटलं. मनं साफ झाली," ते नॅपकिनला हात पुसत म्हणाले. "एक गोष्ट सांगायची राहिली होती. आधी सांगितली असती तर हा क्षण बिघडला असता. कंपनी तुमचा व्हिसा वाढवत नाहीये. तुम्हीही थकलात, आता आराम करा. कैलासने तुमचा हिशेब तयार ठेवलाय. तुमचं टेबल जोॲन सांभाळेल."

डॉलीने हात तसेच परातीवर धरले होते. "कधी ठरलं?"

"तसं मार्चमध्ये."

"म्हणजे तिकडे जायच्या आधी."

"तुमची ट्रिप खराब होऊ नये म्हणून थांबलो. आणि तिथे ही पद्धत पाहिली. किती सुंदर आहे बघा, मागे राग उरतच नाही. तुम्ही आत्ताच आम्हाला माफ केलंत." मालाची पोच हातात आल्यासारखे ते निवांत मागे टेकले.

"आंटी, मी सरांना बोललेलो," बासित पुटपुटला.

"काय बोललास?"

"की यांना सांगून टाका."

"तू का नाही सांगितलंस?"

बासितने स्वतःच्या ग्लासात पाणी ओतून घेतलं. कैलास मेनू वाचत होता. रोनाल्ड या वेळी गॅलरीत खुर्ची टाकून तिच्या टॅक्सीची वाट बघत बसला असेल, हे डॉलीच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं.

"जोॲन, तुझं राहिलं," सर म्हणाले. "यल्ला, खलास करा, जेवण येतंय."

जोॲनने मोबाइल ठेवला. तिने वाडगा उचलला. "मावशी, राहू दे का?"

"का? ये की. पद्धत आहे."

जोॲनने पाणी ओतलं. "मावशी, मला माफ करा. मला माहीत होतं. सर म्हणाले, बोललीस तर तुझंही बघावं लागेल."

"ओत. फुलंसुद्धा येऊ देत."

वाडगा रिकामा झाला. जोॲन मान वाकवून आशीर्वादाची वाट पाहत उभी राहिली. डॉलीने आपला ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि उचललाच नाही. केसांतून पाण्याचा ओघळ जोॲनच्या कपाळावर, तिथून डोळ्यांत उतरला.

"तुला माझी खुर्ची लाभो," डॉली शांतपणे म्हणाली. "म्हातारी होईपर्यंत लाभो. नवरा तुझ्याच व्हिसावर असो. आणि एक दिवस तुला असंच नटवून मधोमध बसवोत, आणि वाडगा घेऊन तुझ्यासमोर येईल ती मुलगी तू स्वतः गावाहून आणलेली असो."

जोॲन हुंदके देऊ लागली. "डॉली मॅडम, हे बरं नाही," सर म्हणाले.

"आशीर्वाद आहे, सर. सगळ्यांना दिला, हिला नको?"

वेट्रेसला मराठीतलं एक अक्षरही कळत नव्हतं. मोठीचा हात धाकटीच्या डोक्यावर, धाकटीच्या डोळ्यांत पाणी. तिने हसून टाळ्या वाजवल्या, परात उचलली आणि पहिलं ताट वयाचा मान म्हणून डॉलीपुढे मांडलं. बाकीच्यांना तिने हातानेच खुणावलं, थांबा, आधी त्या.

सगळे थांबले. डॉलीने हात पुसले, चमचा घेतला आणि पहिला घास खाल्ला. मग कोणाकडेही न बघता, सावकाश चावत, दुसरा.