काळुरामची टिचकी

हमरापुरात काळुराम म्हात्रेच्या कारखान्यातून त्याची टिचकी पडल्याशिवाय गणपती बाहेर जात नसे. मधलं बोट अंगठ्यात अडकवून तो मूर्तीच्या पाठीवर तीनदा मारायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर माल पक्का. बद्द आला तर आत कुठेतरी भेग, मग मूर्ती वरून कितीही गुळगुळीत दिसो, परत प्लास्टरला. वाळून पांढरी झाली की एकदा आणि गिऱ्हाईक न्यायला आलं की त्याच्यासमोर एकदा, असा हा सोहळा दोनदा व्हायचा. गिऱ्हाइकांनाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की टेम्पोचा फाळका उघडण्याआधी ती म्हणायची, "दादा, वाजवा की एकदा."

आणि छप्पन्न वर्षांच्या काळुरामला गेली दोन वर्षं प्रत्येक गणपती बद्दच ऐकू येत होता.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायको असती तर तिने आठवड्यात पकडला असता, पण तिला जाऊन चार वर्षं झाली होती. उरले मुलगा रघू आणि सून मालू. त्यांच्यापुढे काळुरामने एक सोपी युक्ती काढली होती. कुणी काही बोललं आणि कळलं नाही की म्हणायचं, "व्हय व्हय." व्हय म्हटलं की माणसं खूश होतात, पुढची चौकशी करत नाहीत. या व्हयपायी त्याने एकदा शेजाऱ्याचं नको असलेलं कुत्र्याचं पिल्लू घरात घेतलं होतं, ते आता चांगलं धष्टपुष्ट होऊन ओट्यावर पडलेलं असे. पण 'ऐकू आलं नाही, परत बोल' एवढं साधं वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

शहाण्णवच्या श्रावणात मात्र त्याची झोप उडाली. रोह्याच्या एका मंडळाचा पाच फुटी गणपती होता. धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी माणसं, त्यांचा पुढारी हैबतराव. रविवारी मूर्ती वाळली, रघू आणि मालू शेजारी उभे राहिले, काळुरामने टिचकी मारली. बद्द. पण त्याला तर सगळंच बद्द. त्याने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. मूर्ती रंगाला गेली.

त्यानंतर त्याला चैन पडेना. जेवताना उठून शेडमध्ये जाऊन यायचा. मूर्तीला गोल फेरी मारायचा, डाव्या खांद्याकडे डोळे बारीक करून बघायचा, पाठीवर तळवा ठेवायचा. भर मांडवात आरती चालू असताना गणपतीचा हात निखळून पडला तर? भंगलेल्या मूर्तीची पूजा कोण करील? माणसं वर्षभर म्हणतील, अमक्याच्या घरी वाईट झालं ते काळूच्या गणपतीने. शनिवारी हैबतराव टेम्पो घेऊन येणार होता. शनिवारच्या आत काळुरामला कान हवा होता, मग तो कुठूनही येवो.

बुधवारी काथ्या आणायचं निमित्त करून तो पेणला गेला. तिथल्या कानाच्या दवाखान्यात दर बुधवारी मुंबईहून टिपणीसबाई यायच्या, कान तपासायच्या, यंत्रं द्यायच्या. बाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. काळुरामने बराच वेळ बोट खालीच ठेवलं. मग कंटाळा आला म्हणून दोनदा उगाच वर केलं. बाईंनी ते ओळखलं.

"जाडे आवाज आहेत तुमचे शाबूत," बाई त्याच्यासमोर बसून, तोंड दिसेल अशा बेताने सावकाश बोलल्या. "बारीक गेलेत. डावा कान जास्त गेलाय. तुमच्या डाव्या बाजूला काय असतं?"

काळुरामला विचार करायची गरज नव्हती. "कॉम्प्रेसर. रंगाच्या गनला हवा देतो तो. बारा वर्षां झाली."

"बंद शेडमध्ये? मग बारा वर्षं तुम्ही कान भाजत बसलात. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. तो आधी शेडबाहेर काढा."

"पावसात कुठं काढू त्याला?"

"आणि कानात काय घालता?"

"लसणीचा त्याल. कोमट करून."

बाईंनी कपाळाला हात लावला. तेल नाही, काडी नाही, काही नाही, असं बजावून त्यांनी टेबलावर तीन यंत्रं मांडली. एक खिशात ठेवायचं, वायर कानापर्यंत येणारं. एक कानामागे बसणारं. आणि एक वाटाण्याएवढं, पार कानात जाणारं. काळुरामचा हात सरळ वाटाण्यावर गेला.

"लपवायचंय ना?" बाई म्हणाल्या. "सगळ्यांना तेच हवं असतं. पण तुमचा कान जेवढा गेलाय तेवढी ताकद याच्यात नाही. शिवाय तुमचं काम प्लास्टरचं. चार दिवसांत याचं भोक धुळीने बुजेल. तुम्हाला हे कानामागचं, उजव्या कानाला. दिसलं तर दिसू दे."

त्यांनी ते लावून दिलं, तयार रबरी बोंडूक कानात खोचलं. दवाखान्यातला पंखा, बाहेरच्या एसटीचा ब्रेक, बाईंच्या बांगड्या, सगळं एकदम काळुरामच्या डोक्यात शिरलं. त्याने टेबलावरच्या काचेच्या पेल्यावर टिचकी मारली. खणखणीत! त्याचे डोळे भरून आले. पण मान वळवली तशी यंत्राने अशी शिट्टी घातली की तो खुर्चीतून उठलाच.

"बोंडूक सैल आहे. आवाज बाहेर गळतो, म्हणून ओरडतंय," बाई म्हणाल्या. "तुमच्या कानाचाच साचा हवा." त्यांनी दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा कानात आत सरकवला, वरून गुलाबी लगदा भरला आणि पाच मिनिटांनी दोन बोटांनी तो अलगद बाहेर काढला. काळुराम धंद्याच्या नजरेने बघत होता. मागची वाट बुजवल्याशिवाय ओतायचं नाही, ही रीत तर त्याचीच. "हा मुंबईला जाईल, त्यावरून कडक साचा बनून येईल. तीन आठवडे."

"शनिवारी पायजे."

"शनिवारी कसा येईल?"

"व्हय व्हय," काळुराम म्हणाला, आणि वापरून बघायला दिलेलं यंत्र खिशात टाकून बाहेर पडला.

घरी येईपर्यंत त्याचं डोकं भणभणत होतं. रात्री गुपचूप यंत्र लावून त्याने मूर्ती वाजवून बघितली, पण मान तिरकी केली की नुसती शिट्टी. हयात गेली साचे काढण्यात. सालाला हजार गणपतींचे दोन हजार कान त्याच्या हातून निघतात, आणि स्वतःच्या एका कानासाठी मुंबई? त्याला हसू आलं. हसू आलं तिथेच घोटाळा झाला.

गुरुवारी दुपारी रघू रंग आणायला पेणला गेला, मालू चुलीपाशी होती. काळुरामने शेडचं दार ओढलं. कापसाचा बोळा दोऱ्याला बांधून उजव्या कानात सारला, कानाला आतून-बाहेरून तेल लावलं, वाटीत प्लास्टर कालवलं आणि डोकं बाकड्यावर आडवं टाकून नरसाळ्याने ओतलं. गार गार वाटलं. मग कोमट. मग गरम.

प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे हमरापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. काळुराम दात खाऊन पडून राहिला. घट्ट झाल्यावर त्याने दोन बोटांनी ओढलं. ढिम्म. जोर लावला तसं डोळ्यांपुढे अंधारलं. आणि तेव्हा त्याला आठवलं, की बाईंचा लगदा वाकत होता. वळणाच्या जागी प्लास्टर ओतायचं नाही, तिथे रबर लागतं, नाहीतर माल साच्यातच अडकतो, हे त्याने स्वतः रघूला शिकवलं होतं. कानाचं भोक आत वळलेलं असतं एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. स्वतःला कितीतरी शिव्या घालत तो दार उघडून बाहेर आला.

मालू धावत आली. ती काहीतरी ओरडत होती, हात हलवत होती. चांगला कान प्लास्टरने बंद, वाईट कान आधीच वाईट. काळुराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि सवयीने म्हणाला, "व्हय व्हय."

पेणच्या डॉक्टरांनी ते प्लास्टर चिमट्याने कणाकणाने फोडून काढलं. दोन तास लागले. निरोप मिळून तिकडे पोहोचलेल्या रघूने बापाचं डोकं धरून ठेवलं होतं. शेवटी दोऱ्याबरोबर कापूस निघाला आणि डॉक्टरांनी खुर्चीत मागे टेकून घाम पुसला. "पडदा वाचला या बोळ्यामुळे," त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. "आत कातडी भाजलीय, सोललीय. तीन आठवडे यंत्र नाही. पट्टी काढायची नाही." रिक्षात रघूने काही विचारलं नाही, घरी मालूनेही नाही. त्या न विचारण्याने काळुराम जास्तच घाबरला.

शनिवारी सकाळी हैबतराव टेम्पो घेऊन हजर. सोबत चारजण, त्यातले दोघे नाइट संपवून तसेच आलेले, दोघांना दुपारच्या शिफ्टला पोहोचायचं होतं. सगळ्यांना घाई. हैबतरावने मूर्तीला हात जोडले, काळुरामच्या डोक्यावरची पट्टी बघून काहीतरी विचारलं, आणि मग बोट वाकवून दाखवलं. वाजवा.

काळुराम मूर्तीच्या मागे गेला. बोट अंगठ्यात अडकलं. तीनदा मारायचं, मान डोलवायची, टेम्पो जाईल. कुणाला कळणार होतं? फार तर दहा दिवसांनी कळेल, तेही कदाचित नाही. पाठीवरचा रंग इतका तुकतुकीत होता की त्यात त्याची पट्टी दिसत होती. त्याने हात खाली घेतला.

"मला ऐकू येत नाय, हैबतराव," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा निघाला याचा त्याला अंदाज नव्हता. "दोन वर्षां झाली. रविवारी हिला वाजवली तवा पण कळला नाय काय. मी उगाच मान हलवली. रघू, तू वाजव."

रघू पुढे आला नाही. त्याने मालूकडे बघितलं. मालूने रंगाचे हात लुगड्याला पुसले, मूर्तीच्या मागे आली, बोट अंगठ्यात अडकवलं आणि तीनदा मारलं. मान तिरकी करून ऐकलं. काळुराम तिच्या बोटाकडेच बघत होता. पहिल्यांदा टिचकी मारणाऱ्याचं बोट असं पडत नाही.

हैबतरावचा चेहरा फुलला. त्यालाही आवाज ऐकू आला असावा.

मग मालू काळुरामसमोर आली, अगदी जवळ, आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द बोलली. "मामंजी, डाव्या खांद्याला भेग होती. सोमवारी मी फोडला, काथ्या घालून भरला. मंगळवारी परत वाजवला. आता पक्का हाय."

"तुला कसा कळला?"

"तुमी वाजवून गेलात का मी परत वाजवते."

"कवापासना?"

"गेल्या सालापासना."

"किती निघाले?"

मालूने मान खाली घातली. रघूने बोटांवर दाखवलं. गेल्या साली अकरा. या साली एकोणीस.

काळुरामला आधी लाज वाटली, मग राग आला. तीस गणपती त्याने भेगेसकट पास केले होते, आणि ही दोघं त्याच्या पाठीमागे ते भरत बसली होती. "मला सांगितला का नाय?" तो गरजला.

रघूने बापाच्या डोळ्यांत बघितलं. "तुमी सांगितलात?" ओठ स्पष्ट दिसले.

टेम्पो गेला. कामं खोळंबली होती, रघूने कॉम्प्रेसरचं बटण दाबलं आणि गन हातात घेतली. काळुरामला काही ऐकू आलं नाही, फक्त पायाखालची जमीन थरथरली. मालू रोजच्या जागेवर बसली, डोळ्यांच्या आखणीला. तिची जागा कॉम्प्रेसरला लागूनच, उजेड तिथेच येई म्हणून. सहा वर्षं ती तिथेच बसत होती, आणि काळुरामने आजवर कधी ते बघितलं नव्हतं. रघूने तिला काहीतरी विचारलं. मालूने ब्रशवरून नजर न काढता ओठ हलवले. काळुरामने ते ओठ ओळखले. व्हय व्हय.

तो उठला, बटण बंद केलं, वायर उपटली. कॉम्प्रेसरचा कान धरून तो ओढू लागला. चाकं चिखलट जमिनीत रुतत होती. रघू धावला, अडवू लागला, मग बापाचं तोंड बघून दुसऱ्या बाजूने ढकलू लागला. दोघांनी ते धूड शेडच्या मागे, विटांच्या भिंतीपलीकडे नेलं, वर जुना पत्रा टाकला. गनची नळी तिथून पुरणार नव्हती, ती पेणहून लांब आणावी लागणार होती. आणू.

तो धापा टाकत परत आला तेव्हा मालू दारात उभी होती. ती काहीतरी बोलली. डोळे पाणावलेले होते, त्यामुळे शब्द ओठांवर नीट दिसले नाहीत. काळुरामची जीभ सवयीने 'व्हय'कडे वळली, आणि थांबली.

"ऐकू नाय आला गो," तो म्हणाला. "परत बोल."