तीन नंबरचा रिले

बापाने हात धरून शिकवलेल्या धंद्यात चूक झाली की दुप्पट लाज वाटते. चिमटीला ही लाज पुरेपूर होती. चाळिशी उलटली तरी हे नाव सुटलं नव्हतं. लहानपणी तिची बोटं इतकी बारीक, की बाबांची पक्कड जिथे शिरायची नाही तिथली वायर ती अलगद ओढून काढायची. आता बाबा विसराळू म्हाताऱ्यांच्या आश्रमात होते आणि त्याच आश्रमाच्या फायर अलार्मचं काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. महिनाभर बाबा तिला ओळखत नव्हते. तेवढंच त्यांच्या आसपास राहता येईल, हा तिचा हिशेब.

काम तसं सरळ. पॅनलमध्ये तीन रिले, म्हणजे आग लागली की आपोआप चालणारे तीन छोटे स्विच. एक लिफ्ट खाली आणतो, दुसरा धूर ओढणारा पंखा सुरू करतो, तिसरा सगळ्या दारांची चुंबकी कुलुपं सोडतो. एरवी ती दारं बंदच हवीत. गेल्या वर्षी बाबा घरातून निघून गेले ते तिसऱ्या दिवशी हमरस्त्याच्या कडेला सापडले, एका पायात चप्पल नाही, ओठ फुटलेले. त्या दोन रात्री आठवून चिमटी अजून झोपेतून दचकून उठायची.

म्हणून आज सकाळी चाचणीआधी तिने सिस्टरला शब्द दिला. "दारांचा रिले मी आधी बंद करते. फक्त पंखा फिरवून बघू."

"नक्की ना, ताई? आम्ही दोघीच आहोत ड्युटीला."

"अहो, माझे बाबा आहेत आत. मी जोखीम घेईन का?"

पॅनलच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला होता. तिने त्यावर बोट फिरवलं. तीन नंबर, दारं. तिने तीन नंबर बंद केला आणि चाचणीचं बटण दाबलं.

भोंगा वाजला. पंखा घरघरायला हवा होता, तो गप्प. आणि व्हरांड्यातून आवाज आले, टक्, टक्, टक्. कुलुपं सुटत होती.

मग चिमटीला आठवलं. काल दारांची वायर तीन नंबरपर्यंत वीतभर कमी पडली होती. पॅनलच्या आत जोड द्यायचा नाही, हा बाबांचा नियम. म्हणून तिने दारं दोनवर घेतली, पंखा तीनवर, आणि घरी जायच्या घाईत कागद तसाच राहिला. आधी कागद, मग झाकण, हाही बाबांचाच नियम. एक पाळला, दुसरा विसरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पॅनल उघडं टाकून ती धावली. अंगणाचं दार सताड उघडं. दोघी सिस्टर म्हाताऱ्यांना हाताला धरून बाकावर बसवत होत्या. एक आजी भोंग्याला शिव्या घालत होत्या.

"सगळे आहेत," धाकटी सिस्टर म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, तुमचे बाबा नाहीत."

खोलीत नव्हते. न्हाणीघरात नव्हते. मागचं फाटक नुसतं लोटलेलं, आणि पलीकडे ट्रक सुसाट जात होते. चिमटी फाटकाबाहेर धावली. रस्त्यापलीकडे बाबांसारखा करडा सदरा दिसला. ती ट्रकची पर्वा न करता ओलांडून गेली, तर तो कुणी भलताच माणूस. हाक तरी काय मारणार? 'बाबा' म्हटल्यावर ते वळत नव्हते. मीच दार उघडून त्यांना बाहेर काढलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"ताई!" फाटकातून सिस्टर ओरडली. "सापडले! पण लवकर या, त्यांनी पॅनलमध्ये हात घातलाय!"

पॅनलच्या डाव्या कोपऱ्यात थेट मेनचा करंट होता. चिमटी धापा टाकत पॅनलच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थिजली. ओरडावं तर ते दचकतील. बाबा उघड्या पॅनलसमोर वाकून उभे होते. उजव्या हाताची बोटं वायरींवर. डावा हात मात्र पाठीमागे, कमरेशी घट्ट दुमडलेला. चालू पॅनलमध्ये एकच हात, दुसरा पाठीशी, म्हणजे करंट छातीतून जात नाही. तिला त्यांनी हेच शिकवलं होतं, सात वर्षांची असताना.

"कुणी केलंय हे काम?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"मी केलंय," ती हळूच म्हणाली. "हात बाहेर घ्या ना, काका." 'बाबा' म्हणायचं तिने टाळलं.

त्यांनी हात काढला आणि वायरीवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "बाई, वायरीवर लिहिलंय दार. आहे दोन नंबरवर. कागद म्हणतो तीन. उद्या कुणी कागदावर विश्वास ठेवला तर माणूस जाईल जिवानिशी."

"हो. चुकलं माझं."

"आमची चिमटी असती ना, तर कागद बदलल्याशिवाय झाकणाला हात लावला नसता."

चिमटीने विचारलं, "कुठे असते ती?"

"कामावर गेलीय. संध्याकाळी येईल मला घरी न्यायला." त्यांनी खिसे चाचपले, पेन्सिलचं थोटूक काढून तिच्यापुढे धरलं. "घ्या. माझ्यासमोर लिहा."

तिने कागदावर तीनचे दोन केले, दोनचे तीन. बाबा शेजारी उभे राहून अक्षर तपासत होते, आणि तिला मान वर करायचा धीर होत नव्हता.