न पाठवलेली ओळ

श्रियाने स्वानंदकडे मदत मागितली, पण प्रश्न अर्धाच सांगितला.

ती बारामतीत माती-पानांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या आधीच्या माणसाने सगळे प्रोग्राम पर्लमध्ये लिहून ठेवलेले, म्हणून तीही ती भाषा गरजेपुरती शिकली. आता बारामतीच्या फोल्डरमध्ये प्रत्येक शेताचं जे फोल्डर होतं, त्यातले जुने फोटो पुसायचे होते. पण प्रोग्रामला नावं वाचायला सांगितलं की शेतांच्या नावांत एक टिंब आणि दोन टिंबं अशी दोन भलतीच नावं यायची.

कॉलेजातला सीनियर स्वानंद पुण्यात प्रोग्राम लिहायचंच काम करायचा. तिने त्याला कोड पाठवला, पुसण्याची ओळ तेवढी काढून. ती दिसली असती तर त्याने आधी बॅकअपवर प्रवचन झोडलं असतं.

"पर्ल? अगं, पणजीची भाषा ही!" तो फोनवर हसला. "एक टिंब म्हणजे तेच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचं. नावं वाचून पुढे काय करतेस?"

"काही नाही रे, नुसती यादी छापते."

"मग राहू देत. यादीत दोन नावं जास्त, बिघडलं कुठं?"

तिने राहू दिली. प्रोग्रामने एकेक फोल्डर उघडून आतले फोटो पुसले. दोन टिंबांपाशी आल्यावर तो बारामतीच्या फोल्डरमधून एक पायरी वर चढला आणि तिथले सुटे फोटोही पुसले. ते इंदापूरच्या भीमातात्यांच्या उसाचे होते. वेगळं फोल्डर करायचा तिने कंटाळा केला होता. परत मिळवायला गेली, तर फोटोंच्या जागी नुसते राखाडी पट्टे हाती आले. खरं सांगितलं असतं तर प्रवचन झोडून स्वानंद एवढंच म्हणाला असता, ती दोन नावं वगळ.

तात्यांनी लागणीपासून तोडीपर्यंत सरीसरीचे फोटो काढले होते. गवताळ वाढीचा रोग कुठल्या सऱ्यांत आधी शिरला ते त्यांवरून श्रिया सांगणार होती. तेवढ्या सऱ्या मोडून, बाकीच्या बुडख्यांतून फुटणारा खोडवा ते ठेवणार होते. फोन भरला म्हणाले तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "पुसा बिनधास्त. माझ्याकडं आहेत."

तिने त्यांना फोन लावला. "तात्या, तुमचे फोटो गेले. माझ्या हातून पुसले गेले."

"समदं?"

"सगळे."

"आन् ऊस तर कारखान्याला गेला." आवाज चढला नाही. "बरं. मग चांगलं-वाईट कळायचं न्हाय आता. मोडतो समदाच."

"मी येऊ का?"

"येऊन काय करशील, बाळा? ट्रॅक्टर हाय की."

तरी ती गेली. नांगर लागला तेव्हा बांधावर उभी राहिली. तात्यांनी उपटून पडलेला एक कोवळा फुटवा उचलून तिच्या हातात दिला.

"ह्यो चांगला हाय का गं?"

तिने पानं उलटीपालटी करून पाहिली. एवढ्या कोवळ्या वयात निरोगी आणि रोगट फुटवा सारखाच दिसतो.

"सांगता येत नाही, तात्या."

"व्हय," ते म्हणाले, आणि त्यांनी तो ढिगावर टाकला.